बाळाची खीर पातळ नको, दाट हवी!

बाळ सहा महिन्यांचे होत आले की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, "डाळीचं पाणी पाजा, पेजेची निवळ पाजा. आम्ही पोरं अशीच वाढवली." सून म्हणते, "मेडिकलच्या दुकानात डबा मिळतो, तोच आणू. शेजारच्या ताईंचं बाळ बघा कसं गुटगुटीत झालंय!" मधल्या मध्ये बाळाचा बाप उभा. डबा आणावा तर आठवड्याच्या भाजीपाल्याला कात्री लागते, न आणावा तर बायकोचे डोळे भरून येतात.

आम्ही ज्या ज्या वस्तीत जातो तिथे हा वाद या ना त्या रूपाने कानावर येतो. म्हणून या पानावर त्याचा एकदा नीट विचार करावा असे वाटले. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आजीचे धान्य बरोबर आहे, पण तिचे पाणी चुकते. सुनेला बाळासाठी दाट खाणे हवे आहे हे बरोबर आहे, पण त्यासाठी डबाच लागतो ही समजूत खरी नाही. घरातली नाचणी, तांदूळ आणि मूगडाळ यांतून बाळाचे उत्तम अन्न तयार होते. फक्त ते दाट शिजवले पाहिजे. या लेखातली मुख्य गोष्ट हीच. बाकीचे सगळे तिला धरून.

सहा महिनेच का?

जन्मापासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही लागत नाही. पाणीसुद्धा नाही, घुटी नाही, मध तर मुळीच नाही. उन्हाळ्यातही आईच्या दुधातूनच बाळाला पुरेसे पाणी मिळते.

सहा महिन्यांनंतर मात्र हिशेब बदलतो. आईचे दूध कमी कसाचे होते असे नाही. बाळाची गरज वाढलेली असते. आईच्या पोटात असताना बाळाने अंगात लोहाचा जो साठा करून घेतलेला असतो तो याच सुमारास संपत येतो. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० उष्मांक वरच्या अन्नातून मिळावे लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ही गरज ३०० वर जाते आणि वर्षानंतर साधारण ५५० वर.

म्हणजे सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू झालेच पाहिजे. त्याला मुहूर्त लागत नाही, विषम महिना लागत नाही, पाहुणे गोळा व्हायची वाट पाहावी लागत नाही. दात आले नाहीत म्हणून थांबण्याचेही कारण नाही. मऊ अन्न बाळ हिरड्यांनी चघळते. मान धरते, आधाराने बसते, आपण जेवताना ताटाकडे टक लावून हात पुढे करते, या बाळाच्या खुणा आहेत.

उशीर केला तर काय होते? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ३५ मुले वयाच्या मानाने उंचीने खुंटलेली आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांत जवळजवळ ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी होते. सहा महिने ते दोन वर्षे या वयातल्या बाळांना पुरेसा आणि चौरस आहार मिळतो का, हेही त्या पाहणीत पाहिले गेले. तसा आहार मिळणारी बाळे देशभरात शंभरात जेमतेम ११ निघाली. ही खुंटलेली वाढ पुढे भरून काढणे फार कठीण असते. शाळेत गेल्यावर दूध-अंडी दिली म्हणून दोन वर्षांच्या आत गेलेली उंची परत येत नाही. मेंदूची सर्वांत जास्त वाढही याच काळात होते. लेकराने शिकावे, पुढे जावे म्हणून आपण जिवाचे रान करतो. त्या शिक्षणाची पहिली तयारी या खिरीच्या वाटीत असते.

निवळीत काय असते?

आता आजीच्या पेजेकडे वळू. सहा-आठ महिन्यांच्या बाळाचे पोट केवढे? एका वेळी जेमतेम दीड वाटी मावेल एवढे. ते पाण्याने भरले तर भूक भागल्यासारखी होते, बाळ झोपी जाते आणि घरच्यांना वाटते, पोट भरले.

हिशेब करून पाहा. एक वाटी पेजेच्या निवळीत फार तर चहाचा एक चमचाभर तांदूळ उतरलेला असतो. त्यातून मिळतात पंधरा ते वीस उष्मांक. बाळाला हवेत दिवसाला दोनशे. म्हणजे दहा-बारा वाट्या निवळ पाजावी लागेल, आणि तेवढी तर मोठ्या माणसालाही जायची नाही. डाळीच्या पाण्याची गत तीच. डाळीचा कस डाळीत राहतो, वरच्या पाण्यात पिवळा रंग आणि थोडी चव उतरते. घरातली मोठी माणसे खालची डाळ खातात आणि ज्याला वाढायचे आहे त्याला पाणी पाजतात, हा उलटा न्याय झाला.

आजीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. एका शेर धान्यात दहा तोंडे भरायची असत, तेव्हा पेज वाढवायला पाणीच हाताशी होते. तिने ती परिस्थिती निभावली. आज आपल्या घरात तेवढी ओढ नसेल तर बाळाच्या वाटीत पाणी वाढवण्याचे कारण उरत नाही.

खीर दाट आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. चमच्यात खीर घ्या आणि चमचा थोडा तिरका करा. खीर चमच्याला धरून राहिली, हळूहळू घसरली, तर ती योग्य. धार लागून वाहिली तर ती पातळ. बाटलीच्या बुचातून जाईल अशी खीर ही बाळाची खीर नव्हेच. काही घरांत बुचाचे भोक सुईने मोठे करून त्यातून खीर पाजतात, तेही थांबवावे. बाटली नीट उकळून स्वच्छ होत नाही, जुलाबाचे जंतू तिथेच घर करतात. वाटी आणि चमचा हेच बरे.

मोड आलेल्या नाचणीची करामत

इथे आया म्हणतील, "दाट केली की ती गोळ्यासारखी होते, बाळ थुंकून टाकतं." तक्रार खरी आहे. पीठ शिजले की फुगते, थंड झाल्यावर आणखी घट्ट होते. मग आपण पाणी ओततो आणि पुन्हा निवळीवर येतो.

यावर आपल्या जुन्या बायकांनी उपाय शोधून ठेवला होता, तो म्हणजे धान्याला मोड आणणे. धान्याला मोड येतो तेव्हा त्याच्या आत एक पाचक द्रव्य तयार होते. ते पिठातल्या स्टार्चचे मोठे साखळदंड तोडून लहान करते. त्यामुळे अशा पिठाची खीर दाट असूनही मऊ आणि सैल राहते, बाळ सहज गिळते आणि पचायलाही ती हलकी असते. तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते, म्हणजे जास्त कस मावतो.

१९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरेच संशोधन केले. दाट खिरीत मोड आलेल्या गव्हाचे चमचाभर पीठ टाकले तरी ती थोड्या वेळात सैल होते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यात पाणी ओतावे लागत नाही, कस कमी होत नाही. हा प्रयोग कोणीही आपल्या चुलीवर करून पाहावा. दाट शिजवलेली खीर खाली उतरवून वाफ थोडी निवू द्या, मोडाच्या पिठाचा एक चमचा ढवळून मिसळा आणि पाच-दहा मिनिटे झाकून ठेवा. खीर सैल झालेली दिसेल. मग तिला पुन्हा एक उकळी द्यावी आणि कोमट करून भरवावी.

नाचणीचा दुसरा गुण म्हणजे तिच्यातला चुना, ज्याला आपण कॅल्शियम म्हणतो. शंभर ग्रॅम नाचणीत तो सुमारे ३५० मिलिग्रॅम असतो, तर पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. हाडे आणि येणारे दात यांना तो लागतो. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या धान्यावर दिवस काढले. पण शहरात आल्यावर ते गरिबाचे धान्य म्हणून आपल्याच स्वयंपाकघरातून बाहेर गेले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि तीच नाचणी मोठ्या दुकानांत चकचकीत पाकिटात जाऊन बसली. आपण ती वाण्याकडून सुटी आणावी, तिचा गुण तोच असतो.

नाचणीचे पीठ असे करावे

अर्धा किलो नाचणी निवडून घ्यावी. तीन-चार पाण्यांतून धुवावी. वर तरंगणारा कोंडा आणि खाली बसणारी बारीक वाळू काढून टाकावी. रात्रभर, म्हणजे दहा-बारा तास, स्वच्छ पाण्यात भिजत घालावी. सकाळी पाणी निथळून स्वच्छ सुती फडक्यात बांधावी आणि झाकून ठेवावी. फडके सुकू लागले की वर पाणी शिंपडावे. एक ते दीड दिवसात पांढरे बारीक मोड दिसू लागतात. मोड दाण्याएवढे झाले की पुरे. फार लांब वाढू देऊ नयेत. आंबूस वास आला, चिकटपणा आला किंवा काळी-हिरवी बुरशी दिसली तर ती नाचणी बाळासाठी वापरू नये.

मोड आलेली नाचणी पसरून उन्हात कडकडीत वाळवावी. वरून पातळ कापड घालावे, म्हणजे माश्या आणि कावळे दूर राहतात. वाळल्यावर हाताने चोळून मोड झाडावेत आणि सुपाने पाखडावे. मग कढईत मंद आचेवर थोडी गरम करावी. फार खरपूस भाजू नये, भाजली तर मोडाने आलेला गुण जळून जातो.

अर्ध्या किलो नाचणीला दीडशे ग्रॅमच्या आसपास मूगडाळ घ्यावी. डाळ ओल्या फडक्याने पुसून, वेगळी, खमंग वास सुटेपर्यंत भाजावी. धान्य आणि डाळ एकत्र आली की दोघांतली उणीव भरून निघते आणि बाळाच्या अंगी लागणारी प्रथिने चांगली मिळतात. प्रमाण साधारण तीन भाग धान्य, एक भाग डाळ असे लक्षात ठेवावे. दोन्ही एकत्र करून मिक्सरमध्ये किंवा गिरणीत बारीक दळावे आणि चाळून घ्यावे. गिरणीत न्यायचे असेल तर आधी मिरची-मसाला दळला नाही ना हे विचारावे आणि पहिली मूठभर पिठी बाजूला काढावी. पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. एवढे पीठ दिवसाला दोन वाट्या धरल्या तर पंधरा दिवस पुरते. पावसाळ्यात याच्या निम्मेच करावे आणि ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवावे.

एक सूचना महत्त्वाची. सोलापूर, नगर, मराठवाडा या भागांत घरोघर ज्वारी असते. बाळासाठी ज्वारीला मात्र मोड आणू नयेत. ज्वारीच्या कोंबात विषारी द्रव्य तयार होते. ज्वारी नुसती भाजून, डाळीबरोबर दळून, चांगली शिजवून द्यावी. मोड आणायचे ते नाचणीला किंवा गव्हाला.

खीर शिजवताना

पोह्याच्या चमच्याने दोन सपाट चमचे पीठ एका वाटी थंड पाण्यात कालवावे. गुठळी राहू देऊ नये. पातेले मंद आचेवर ठेवून सात-आठ मिनिटे सतत ढवळत शिजवावे. उतरवल्यावर चहाचा एक चमचा तेल किंवा तूप घालावे. तेलाचा हा चमचा विसरू नये. त्या एकट्या चमच्यातून चाळीस-पंचेचाळीस उष्मांक मिळतात. अशी एक वाटी शंभर उष्मांकांच्या आसपास भरते. दिवसातून दोन वाट्या गेल्या की सहा-आठ महिन्यांच्या बाळाची वरची गरज भागली. खीर पातळ वाटली तर पुढच्या वेळी पिठाचा अर्धा चमचा वाढवावा.

वर्षाच्या आत खिरीत साखर, गूळ किंवा मीठ घालायची गरज नाही. आपल्या जिभेला ती अळणी लागते, बाळाच्या जिभेला नाही. त्याने आधी दुसरे काही चाखलेलेच नसते. गोडी हवी तर पिकलेले केळे कुस्करून मिसळावे. मध एक वर्षापर्यंत देऊ नये. त्यातले काही जंतू तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतात.

नाचणी नसेल तेव्हा खिमट करावे. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, सुकवून, भाजून, रव्यासारखी जाडसर भरडून ठेवावी. रेशनचा तांदूळही चालतो, फक्त तो नीट निवडून घ्यावा. दोन चमचे भरड दोन वाट्या पाण्यात मऊ शिजवावी, पळीने घोटावी, तेल किंवा तूप घालावे. याच पातेल्यात लाल भोपळ्याची, गाजराची किंवा रताळ्याची फोड, पालकाची चार पाने शिजवून घोटावीत.

आणि पीठही संपले असेल तर? घरातली डाळ शिजली की फोडणी, तिखट आणि मीठ घालण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढावा. त्यात मऊ भात किंवा ज्वारीच्या भाकरीचा मऊ भाग कुस्करून, थोडे तेल घालून द्यावे. हेही बाळाचे चांगले अन्न आहे.

रक्तवाढीचे काय?

नाचणी चांगली, डाळ चांगली, पण एकट्या धान्यातून बाळाला पुरेसे लोह मिळत नाही. आपल्या घरांत मांसाहार होतो ही याबाबत जमेची बाजू आहे. मटण किंवा कोंबडी शिजते त्या दिवशी काळजाचा तुकडा मऊ शिजवून, बारीक वाटून, चमचाभर खिरीत किंवा भातात मिसळावा. अंडे पूर्ण उकडून, कुस्करून द्यावे. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले नको. काटे पूर्ण काढलेली मासळी चालते. "एवढ्याशा जिवाला मटण पचेल का?" ही भीती धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या आपल्या सूचनांत सहा महिन्यांपासून बाळाला रोज अंडी, मांस किंवा मासे द्यावेत असे म्हटले आहे. नवीन पदार्थ एका वेळी एकच, थोडासा द्यावा आणि दोन-तीन दिवस पाहून मग पुढचा. पुरळ, सूज, सारख्या उलट्या दिसल्या तर तो थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

डाळ-भाजीतले लोह अंगी लागावे म्हणून वरून लिंबाचे दोन थेंब पिळावेत. याच्या अगदी उलट काम चहा करतो. चहात बुडवलेले बिस्किट हे कितीतरी घरांत बाळाचे पहिले अन्न असते. चहामुळे लोह अंगात शोषले जात नाही, बिस्किटातून मैदा आणि साखर तेवढी जाते. बाळाला चहा दाखवूसुद्धा नये.

याशिवाय सरकारी कार्यक्रमातून सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना लोहाचे औषध मोफत मिळते. ते आठवड्यातून दोनदा, एक एक मिलिलिटर द्यायचे असते. आशाताई किंवा परिचारिकेकडे ते मागून घ्यावे. त्याने शी काळी होते, त्याला घाबरू नये.

आई कामावर जाते तेव्हा

२०१७ पासून पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. पण धुणीभांडी करणाऱ्या, बिगारी कामाला जाणाऱ्या, कंत्राटी झाडलोट करणाऱ्या किती जणींच्या वाट्याला ती प्रत्यक्षात येते? दीड-दोन महिन्यांत कामावर हजर व्हावे लागते आणि बाळ आजीकडे, मोठ्या बहिणीकडे किंवा शेजारणीकडे राहते. म्हणून खिरीचे शिक्षण एकट्या आईला देऊन भागत नाही. जी बाळाला दिवसा सांभाळते तिला ते हवे.

सुट्टीच्या दिवशी पीठ करून ठेवावे. धान्य निवडणे, गिरणीत जाणे ही कामे बाळाच्या बापाने करावीत, त्यात कमीपणा नाही. आईने निघताना खीर शिजवून दुपारपर्यंत ठेवू नये. शिजवलेली खीर दोन तासांच्या आत संपवावी. उरली तर मोठ्यांनी खावी, बाळाला पुन्हा गरम करून देऊ नये. सांभाळणाऱ्या बाईने पीठ मोजून ताजी शिजवावी. हात साबणाने धुवावेत, बाळाचेही धुवावेत. कामावर जाण्याआधी आईने स्वच्छ भांड्यात दूध पिळून झाकून ठेवले तर ते चार तासांपर्यंत वाटी-चमच्याने पाजता येते. परत आल्यावर आणि रात्री अंगावरचे दूध चालूच ठेवावे. ते दोन वर्षे आणि पुढेही द्यावे. खीर ही दुधाच्या जोडीला आहे, दुधाच्या बदल्यात नाही.

डब्याचा मोह

डब्यातल्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वे घातलेली असतात, हे खरे आहे. पण तीनशे ग्रॅमच्या डब्याला जे पैसे पडतात त्यात तीन किलो नाचणी सहज येते. डबा महाग म्हणून तो पुरवून पुरवून, पातळ कालवून दिला जातो आणि पुन्हा निवळच पोटात जाते. शिवाय काही डब्यांत वरून साखर घातलेली असते. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील 'पब्लिक आय' या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या बाळाच्या अन्नात साखर घातल्याचे उघड केले, तेव्हा त्यावर मोठी चर्चा झाली. डबा घ्यायचाच असेल तर मागचे बारीक अक्षर वाचावे. वाचता येत नसेल तर शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावे.

आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. १९९२ साली केलेल्या आणि २००३ साली कडक केलेल्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या आणि अन्नाच्या डब्यांची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला बंदी आहे. कोणी दवाखान्यात डबा हातात ठेवून "हेच द्या" म्हणाले तर "घरचं का चालत नाही?" असे विचारण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी घरी नेण्याचा आहार मिळतो. तो मागून घ्यावा, तो आपल्या बाळाचा हक्क आहे. चव आवडली नाही म्हणून शेरडापुढे टाकू नये. काही खटकले तर सेविकेला सांगावे.

किती आणि कसे भरवावे?

पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे पुरेत. मग हळूहळू वाढवत आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा अर्धा मोठा कप, म्हणजे जवळजवळ एक वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा, थोडी जास्त दाट, थोडी जाडसर. वर्ष झाले की घरच्यांचेच जेवण, कमी तिखट करून, तीन-चार वेळा आणि मधे एक-दोन वेळा फळ किंवा अंडे. शेंगदाणे, फुटाणे अख्खे देऊ नयेत, ते श्वासनळीत अडकतात. दाण्याचे बारीक कूट चालते.

सुरुवातीला बाळ जिभेने खीर बाहेर ढकलते. त्याला ती आवडत नाही असे नव्हे. जीभ अजून चोखण्याचेच काम जाणते. चार-आठ दिवसांत ती शिकते. बाळाला पायावर आडवे टाकून, नाक धरून घशात ओतण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. ती धोक्याची आहे, अन्न फुप्फुसात जाऊ शकते. बाळाला मांडीवर बसवावे, त्याच्याकडे बघत, बोलत भरवावे. मोबाइल समोर धरला की बाळ आ करते, पण आपण काय खातो हे त्याला कळत नाही. तोंड फिरवले तर थांबावे, थोड्या वेळाने पुन्हा द्यावे. ताप किंवा जुलाब असताना खाणे बंद करू नये. थोडे थोडे, जास्त वेळा द्यावे आणि बरे झाल्यावर दोन आठवडे एक वेळ जास्त भरवावे.

खीर अंगी लागते की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून कार्डावर मांडून घ्यावे. रेषा वर चढत असेल तर चिंता नको. लागोपाठ दोन महिने ती आडवी राहिली, किंवा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला, म्हणजे मापपट्टी लाल रंगावर आली, तर बाळाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावे. अशा बाळाला घरच्या खिरीबरोबर उपचारही लागतात.

या रविवारी अर्धा किलो नाचणी भिजत घाला. आजींनी मोड आणून द्यावेत, ते त्यांच्याइतके चांगले कोणाला जमत नाहीत. सुनेने चमचा तिरका करून खीर दाट झाली का ते पाहावे. आणि महिन्याच्या शेवटी कार्डावरची रेषा दोघींनी मिळून बघावी.